चौदा साक्षीदारांचा राजा

फेब्रुवारी 1942मध्ये ब्रिटिश रणगाड्यांनी कैरोतल्या आब्दीन राजवाड्याला वेढा घातला आणि राजा फारूकला आपल्या पसंतीचा पंतप्रधान नेमायला लावलं. दोन वर्षांनी नगीब महफूझ यांची कादंबरी आली, ‘थीब्जचा लढा’. नायक साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहमोस, हिक्सॉस या परक्या सत्ताधाऱ्यांना इजिप्तबाहेर घालवणारा राजा. कादंबरीतले हिक्सॉस गोरे आणि उद्दाम, इजिप्ती माणूस सावळा आणि राबणारा. कैरोतल्या वाचकाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

त्या लढ्याबद्दल माझी तक्रार नाही. दारात परके रणगाडे उभे असताना आहमोस आठवणारच. तक्रार आहे ती त्यासाठी मोजलेल्या किमतीची. आहमोसचा शत्रूच्या मुलीवर जीव जडतो आणि देशासाठी तो तिला सोडतो, तेवढ्यापुरता तो माणूस होतो. बाकी पुस्तकभर तो निशाण आहे. आणि निशाणासमोर उभ्या असलेल्यांना चेहरा उरत नाही. हिक्सॉसांची राजधानी अवारिस. तिथल्या दफनांतल्या दातांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं: बाहेरची माणसं हिक्सॉसांची सत्ता येण्याच्या पुष्कळ आधीपासून तिथं येऊन राहत होती, आणि त्यांत बायका अधिक होत्या. स्वारीची फौज अशी नसते. 1944 साली महफूझना हे कळायला मार्ग नव्हता. आज राजा लिहायला बसणाऱ्याला ती सूट मी देणार नाही.

महफूझ स्वतः मात्र तिथं थांबले नाहीत. 1985 साली ते पुन्हा एका फॅरोकडे वळले. हा आखेनातेन, जुने देव बाजूला सारून एकाच देवाला मानणारा, मेल्यावर पाखंडी ठरलेला. त्याच्याबद्दलचं खरं काय ते शोधायला मेरियामुन नावाचा तरुण निघतो आणि चौदा जणांना भेटतो. आमुनचा मुख्य पुजारी, सेनापती हारेमहाब, शिल्पकार बेक, शेवटी नेफर्तिती. कुणाला तो वेडा वाटला, कुणाला दुबळा, कुणाला प्रेषित. महफूझ निकाल देत नाहीत. शत्रूलाही पुरतं बोलू देतात. इजिप्तची ओळख मला आहमोसच्या विजयापेक्षा या भांडणात जास्त सापडते, कारण इथं पुजारीही इजिप्तच आणि पाखंडीही इजिप्तच. मराठीत ऐतिहासिक कादंबरीचं पीक केवढं, पण राजाविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलेलं आणि लेखकानं मन लावून ऐकलेलं पात्र मी शोधत राहतो. क्वचितच भेटतं.

मेरियामुन घरी परततो. वडिलांना ऐकलेलं सगळं सांगतो. दोनच गोष्टी लपवतो: त्या पाखंड्याच्या स्तोत्रांची त्याला लागलेली ओढ, आणि नेफर्तितीवर जडलेलं प्रेम.