गोणीच्या तोंडाशी

माझं करिअर बदललं म्हणजे नेमकं काय झालं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, गाडीची दिशा बदलली. चौदा वर्षं मी कोपरखैरण्याहून नेरूळकडची गाडी पकडून तुर्भ्याला उतरायचो. एकच स्टेशन. आता ठाण्याकडची पकडतो. घणसोली, रबाळे, ऐरोली. तीन स्टेशनं. एवढं अंतर कापायला मला अडीच वर्षं लागली. ट्रान्स-हार्बरला दोष देण्यात अर्थ नाही, गाड्या वेळेवर होत्या.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी एका अडतीवर मेहताजी होतो. गाळ्यात समोर गोण्यांची थप्पी, मागे शेठची गादी आणि मधे मी. माल विकला की शेतकऱ्याची पट्टी काढायची. आलेल्या रकमेतून हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल वजा करत जायचं. शेवटी उरलेला आकडा बघून शेतकरी माझ्याकडे असा बघायचा, जणू कांद्याचा भाव मीच पाडला.

मग शेठनी कॉम्प्युटर आणला. त्यात पट्टीचं सॉफ्टवेअर होतं. हमालीचा दर बदलला की ते टाकणाऱ्या माणसाला फोन करायचा. तो यायचा, खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा, एक आकडा बदलायचा आणि दीड हजार रुपये घेऊन जायचा. मी दिवसाला दीडशे पट्ट्या काढायचो. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं. त्याने ५ खोडून ६ लिहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. लोकांना म्हणे आतून हाक ऐकू येते. मला दीड हजार ऐकू आले.

शिकायला बसलो तेव्हा वय छत्तीस. मुलगी सातवीत. ती बीजगणिताची वही घेऊन टेबलाच्या एका बाजूला, मी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या. १९९१ साली आलेल्या पायथन या भाषेचं नाव सापावरून ठेवलेलं नाही, माँटी पायथन नावाच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलंय. हे वाचून मला धीर आला, कारण आमच्या घरातही सगळे हसतच होते. या भाषेत ओळ किती आत सरकवून लिहिली यावर अर्थ ठरतो. "बाबा, समास सोडला नाहीत," असं मुलगी म्हणायची. हेच वाक्य मी तिला चार वर्षं ऐकवलं होतं.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या शून्याने. कॉम्प्युटर यादीतली पहिली वस्तू शून्यापासून मोजतो. म्हणजे दहा गोण्या असतील तर शेवटची नववी. माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये एक गोणी कमी पडायची, नाहीतर नसलेली गोणी उचलायला जाऊन सगळं कोसळायचं. शेवटी आजोबा आठवले. खळ्यावर धान्य मापताना ते पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. पहिल्याला वेगळंच नाव द्यायची पद्धत आमच्या घराण्यात आधीपासूनच होती, हे लक्षात आल्यावर शून्याशी माझं जमलं. अजूनही कोड वाचताना मी मनात 'लाभ' म्हणतो.

खरी गंमत नोकरी शोधताना सुरू झाली. बायोडाटा करायचा म्हणजे गोणी भरायची. मार्केटातली ही जुनी खोड. तोंडाशी मोठा, चमकदार, एकसारखा कांदा लावायचा आणि पोटात गोल्टी. गोल्टी म्हणजे तो बारका कांदा, जो सोलता सोलता संपतो. मी पण तोंडाशी 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' असं ठळक लिहिलं. खाली 'डेटा', 'ऑटोमेशन' वगैरे. चौदा वर्षं पट्ट्या काढल्या त्याला 'हाय व्हॉल्यूम ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग' असं नाव दिलं. ते खोटं नव्हतं. व्हॉल्यूम खरंच हाय होता, शेठचाही. तळाशी एमएस-सीआयटी.

एका एचआर ताईंनी फोनवर अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "सर, एमएस-सीआयटी काढून टाका, बाकी प्रोफाइल छान आहे." अख्ख्या प्रोफाइलमध्ये कॉम्प्युटरचं म्हणून तेवढंच सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. दुसऱ्यांनी विचारलं, "नोटीस पिरियड किती?" मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "ते काय असतं? दिवाळीनंतर जा." तिसऱ्या ठिकाणी अर्जात 'फ्रेशर' आणि 'अनुभवी' असे दोनच चौकोन होते. 'अनुभवी'वर टिचकी मारली की किती वर्षं विचारायचे, 'फ्रेशर'वर मारली की पदवीचं साल. माझं साल त्यांच्या यादीतच नव्हतं. यादी जिथे संपत होती, त्याच्याही खाली माझी पदवी कुठेतरी गोल्टीसारखी पडलेली.

सत्तेचाळीस अर्ज झाले. हा आकडा पक्का आहे. मेहताजी आहे, वहीत लिहिलेत.

अठ्ठेचाळिसाव्याने बोलावलं. ऐरोलीच्या आयटी पार्कात काचेची इमारत, सातवा मजला. गेटवरच्या वॉचमनने मला सलाम ठोकला आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलाला अडवलं. तो मुलगा त्या टीमचा आर्किटेक्ट निघाला. आत मुलाखत घ्यायला जी होती ती सव्वीस-सत्तावीसची, पायात बूट, हातात कॉफी.

"नमस्कार मॅडम."

"मॅडम नको प्लीज. इथे सगळे नावानेच बोलतात."

मी मान डोलावली. तिने फळ्याकडे बोट केलं. "एखादा शब्द उलटसुलट वाचला तरी सारखाच राहतो का, ते तपासणारा प्रोग्राम लिहा."

"उदाहरणार्थ?"

ती थांबली. मग हसू दाबत म्हणाली, "मॅडम."

इंग्रजी स्पेलिंगात तो शब्द दोन्हीकडून सारखाच. प्रोग्राम चार ओळींचा, मी तो शंभर वेळा लिहिलेला. फळ्यावरचा लॅपटॉपवर उतरवला, चालला. इथे गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण चांगला कांदा दाखवून झाल्यावरही गिऱ्हाइकासमोर हात हलतोच. मी म्हटलं, मराठीतही करून बघतो, आणि टाइप केलं, 'टेप आणा आपटे'.

उत्तर आलं, नाही.

मधल्या मोकळ्या जागा काढल्या. तरीही नाही. 'रामाला भाला मारा' टाकलं. नाही. तिसरीपासून ज्या वाक्यांवर विश्वास ठेवला ती कॉम्प्युटरने मोडीत काढली. माझ्या मानेवर घाम. तिने कॉफी खाली ठेवली. "उलटलेलं नुसतं छापून बघा." छापलं. पहिलं अक्षरच नाही, टिंबांचं एक वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना.

मग उजेड पडला. आपण 'टे' हे एक अक्षर समजतो. युनिकोडच्या हिशेबात ते दोन नग आहेत, ट वेगळा आणि मात्रा वेगळी. सरळ वाचताना मात्रा ट-च्या मागून येते. उलटं केलं की मात्रा पुढे, ट मागे, म्हणजे हमाल निघून गेला आणि गोणी हवेत. मात्रा तिच्या अक्षराला बांधून मग उलटवायला हवं होतं. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं तेच करत होतो. ती कोल्हापूरची निघाली. टेप आपट्यांनी आणला, भाला रामाला लागला. मी जोशात 'चिमा काय कामाची' टाकलं.

नाही.

"आता काय झालं?" ती म्हणाली.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. "पहिली चि ऱ्हस्व आहे. शेवटची ची दीर्घ."

आम्ही दोघं काही वेळ काहीच बोललो नाही. इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की चिमाचा हिशेब एका वेलांटीने चुकतोय.

सोमवारी मेल आला. पद ट्रेनी. पगार अडतीपेक्षा दोन हजारांनी कमी, आणि अडतीवर कांदे फुकट होते, ते वेगळं. बायकोने दोन्ही आकडे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे वरच्या नोकरीला लागलात."

ऑफिसात भाषा अडली ती पायथन नव्हे, मराठी. टीम लीडला 'अगं' म्हणवेना, 'अहो' म्हटलं की तिला म्हातारी झाल्यासारखं वाटायचं. दोन महिने मी 'तू'ही नाही आणि 'तुम्ही'ही नाही अशा वाक्यांवर काढले. "जेवण झालं का?" "रिव्ह्यू कधी होणार?" "घरी निघायचं आहे वाटतं?" इंग्रजीत 'यू' एकच आहे. ही मंडळी इंग्रजीत का बोलतात, ते मला तेव्हा उमगलं. बाकीचे ट्रेनी बावीसचे. पहिल्या आठवड्यात ते मला नावाने हाक मारायचे, दुसऱ्या आठवड्यात एकाच्या तोंडून 'काका' निसटलं आणि मग तेच रूढ झालं.

माझं पहिलं मोठं काम तपासायला गेलं तसंच परत आलं. एकदम नऊशे ओळी बदलल्यात, इतकं कोणी तपासणार नाही, तुकडे करा, असा शेरा. मला अजिबात राग आला नाही. मार्केटात माथाडी ५० किलोच्या वरची गोणी पाठीवर घ्यायला नकार देतात, त्यासाठी त्यांनी कामही बंद ठेवलेलं मी पाहिलंय. मी नऊशेचे सहा डाग केले. सगळे उचलले गेले.

मागच्या रविवारी शेठचा फोन. "तुम्ही आता कॉम्प्युटरवाले. आमचा प्रिंटर बंद पडलाय, बघून जा." गेलो. नव्या मेहताजीने कागद उलटा भरला होता. सरळ केला, चाललं. शेठनी दीड हजार काढून पुढे केले. मी नको म्हटलं, तर त्यांनी पोऱ्याला हाक मारून दहा किलोची पिशवी भरायला लावली. वर मोठे लालबुंद कांदे, एकसारखे.

मी थँक यू म्हणून पिशवी घेतली आणि सवयीने तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. शेठ दुसरीकडे बघू लागले.