नुसती चेन बदलायची होती

मापपट्टी सांगते, चेन पाऊण टक्का ताणली. एवढ्याशा टक्क्यासाठी कोणी मुदतठेव मोडत नाही; माउंटन बाइकवाला मोडतो.

कारण झिजलेल्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर, नवी चेन धरत नाही, अंजनेरीच्या चढावर ऐन जोर लावला की सटकते. म्हणून कॅसेटही आली. आता घ्यायचीच तर अकराऐवजी बारा गिअरची का नको? पण कॅसेट बसते चाकाच्या फ्रीहबवर; शिमानोच्या १०-५१ दात्यांच्या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, स्रॅमच्या १०-५२ ला एक्सडी, आणि गाडीवर जुना एचजी. फ्रीहब बदलत नसेल तर अख्खे चाकच घ्या. मग गिअर बदलणारे शिफ्टर, डिरेलर. (दूधवाल्याच्या सायकलीपासून इथपर्यंत चेनच्या दोन पिनांमधले अंतर तेच, अर्धा इंच. एवढी एकच गोष्ट कंपन्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते.)

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण करून आले. त्याचा शहरावर फार चांगला परिणाम झाला. आता गंगापूर रोडवर रविवारी मिसळ खायला जाणाऱ्यालाही ५१ दात्यांची चकती हवी असते.

खरे तर शिमानोच्या डिओरेची अकरा गिअरची ११-५१ कॅसेट जुन्या एचजीवरच बसते. त्याला साजेसा डिरेलर तेवढा हवा. पण हे सांगितले की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो आणि दुकानदाराचाही.