नमुना १-अ यांस अनावृत पत्र

श्रीक्षेत्र औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली

राजमान्य राजश्री नमुना १-अ, मुक्काम परिवहन दफ्तर, यांचे सेवेशी पासष्टी उलटलेल्या एका मोटारचालकाचा साष्टांग नमस्कार.

चाळिशी ओलांडलेल्या इसमाला परवान्यासाठी आपणांस डॉक्टरांकडून भरवून आणावे लागते, ५५ वर्षांनंतर तर दर ५ वर्षांनी पुन्हा आपल्याच दारी रुजू व्हावे लागते. तरीही आम्हा वृद्धांविषयी आपण जो उदार भाव राखला आहे, त्याबद्दल आभार मानावे तितके थोडेच. आपण विचारता, की चांगल्या सूर्यप्रकाशात २५ मीटरांवरील मोटारीची नंबरपाटी या गृहस्थास वाचता येते काय. डॉक्टरांनी खिडकीतून समोरची जीप दाखविली. जीप उभी होती, सूर्य माथ्यावर होता, आणि मी चष्मा सावरून, शेवटच्या दोन आकड्यांवर अंमळ रेंगाळून का होईना, पाटी वाचली. ती किती वेळात वाचली, हे विचारण्याचा उद्धटपणा आपल्या मजकुरात कोठेही नाही.

पण खरा प्रश्न वेळेचाच आहे. डोंडर्स नामक डच शरीरशास्त्रज्ञाने १८६८ साली दाखविले, की एकाच खुणेला एकच ठरलेले उत्तर देण्यास जो वेळ लागतो, त्याहून अनेकांतून एक निवडण्यास अधिक लागतो. आणि वार्धक्याचा हात पडतो तो मुख्यतः या निवडीवर. नुसता लाल दिवा लागला, तर म्हाताऱ्याचा पाय तरुणाच्या फारसा मागे राहत नाही. पण वसमतच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला डावीकडून उसाची ट्रॉली, उजवीकडून म्हैस आणि समोरून डोळे दिपविणारे दिवे एकदम हजर झाले, म्हणजे प्रथम मान कोणास द्यावा याची मेंदूतील मसलत लांबत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदाची मसलत म्हणजे ८ मीटर रस्ता. नामदेवांसाठी आमच्या गावचे देऊळ फिरले, अशी कथा आहे. माझ्यासाठी म्हैस फिरेल, याची हमी कोणी देत नाही.

तरुण मंडळी आमच्याहून बेदरकार हाकतात, हे कबूल. आम्ही सावकाश जातो, रात्र टाळतो, म्हणून बहुधा निभावते. पण हा शहाणपणा आमच्या पदरचा, आपल्या दाखल्याचा नव्हे.

अधिक मौज अशी, की याच तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी हेरणारी लायगोची वेधशाळा व्हावयाची आहे: ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक टिपण्याची प्रतिज्ञा. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे आदळली, तर औंढ्यास खबर लागेल. ब्रेककडे निघालेला माझा पाय वाटेत किती थबकला, याची खबर मात्र कोणत्याही सरकारी कागदास लागणार नाही.

तरी तजवीज व्हावी ती अशी, की पुढील नूतनीकरणास मला दिवा, घंटा आणि ब्रेक यांच्यापुढे बसवून वेळ मोजावा, आणि पाटी संध्याकाळच्या उजेडातही वाचावयास लावावी. नापास झालो तर तक्रार नाही. एस.टी.त माझ्या वयास अर्धे तिकीट पडते, आणि पंचाहत्तरीनंतर तेही पडत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.