खिडकीतली बागायत: चाइव्हज लागवडीचे सुधारित तंत्र

कोणतीही शेती सुरू करण्यापूर्वी जमिनीचे कागद बघावेत. पुण्या-मुंबईतल्या बेताच्या फ्लॅटमध्ये खिडकीचा कट्टा फार तर चार फूट लांब आणि नऊ इंच रुंद असतो, म्हणजे क्षेत्र तीन चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तेव्हा खातेदाराच्या नावावर गुंठ्याचा ३६३वा हिस्सा लागतो आणि त्यावरही मोबाइलचा चार्जर, अर्धवट उदबत्तीचा पुडा आणि कुणाचे तरी हेल्मेट असे अतिक्रमणदार आधीच ठाण मांडून असतात. प्रथम त्यांना हटवावे. हेल्मेटचा मालक सहसा कोर्टात जात नाही, आईकडे जातो.

आता पीक. चाइव्हज हे कांद्याच्या घराण्यातले. १७५३ साली लिनियसने ‘ॲलियम शोनोप्रासम’ या नावाने त्याची नोंद केली. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका, तिन्हीकडे ते रानात आपोआप उगवते, आपल्या हिमालयातही. कांदा-लसणाच्या गोतावळ्यात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जगांचा मूळ रहिवासी दाखला असलेली जात ही एकच. फ्रेंच स्वयंपाकी ऑम्लेटवर जो चार पाल्यांचा चुरा पेरतात त्यात ती असते, फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉसला लागणाऱ्या सात पाल्यांतही असते. आपल्याकडे ती मॉलमधल्या गारठलेल्या फडताळात डबीत निजलेली असते. तिची किंमत वाचून बहुतेक लोक पातीच्या कांद्याची जुडी उचलतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही.

ज्यांना तरीही लागवड करायचीच आहे त्यांनी बियाण्याच्या पाकिटावरची तारीख वाचावी. कांद्याच्या बियाण्यासारखेच हेही लवकर म्हातारे होते, दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटावर भरवसा ठेवू नये. दुसरा धोका तोतयाचा. ‘गार्लिक चाइव्हज’ ही निराळी जात, तिची पात चपटी आणि फूल पांढरे. खऱ्या चाइव्हजची पात गोल, पोकळ आणि फूल जांभळट. चपटी पात उगवली तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही, ती नूडल्समध्ये घालावी. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने शेतकऱ्याला ‘भीमा शक्ती’, ‘भीमा सुपर’ असे दणदणीत नावांचे वाण दिले. खिडकीवाल्या खातेदाराची दखल अजून कुणी घेतलेली नाही.

हंगाम रब्बीच धरावा. उगवणीला १५ ते २० अंशांचा गारवा मानवतो, त्यामुळे पुण्यात नोव्हेंबर उत्तम. मुंबईकराने ऑक्टोबरचा उकाडा सरेपर्यंत दम धरावा. सहा ते आठ इंच खोल कुंडी, तळाला भोक असलेली. (भोक नसलेली कुंडी दिसायला देखणी असते आणि तिला बादली म्हणतात.) दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. वीसेक बिया पसरून वर अर्धा सेंटिमीटर माती. मग दोन-तीन आठवडे काहीही घडत नाही, आणि या काळात कुंडी उकरून बघण्यास सक्त मनाई आहे.

एके सकाळी मातीतून हिरवा दोरा वर येतो, पण सरळ नाही. केसांच्या आकड्यासारखा मध्येच दुमडलेला, दोन्ही टोके जमिनीतच. दोन-चार दिवसांत एक टोक सुटते आणि दोरा उभा राहतो, तेव्हा त्याच्या शेंड्याला बियाचे काळे टरफल टोपीसारखे अडकलेले असते. टोपी उपसू नये, ती आपसूक गळते. आता मोजणी. वीस बियांतून दहादेखील उगवल्या नाहीत तर पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली असे समजून खिडकी दुष्काळग्रस्त जाहीर करावी. अनुदान मिळत नाही.

खरी मेख आहे ती खिडकीच्या दिशेत. या पिकाला रोज सहा तास ऊन लागते. विलायती पुस्तके डोळे मिटून ‘दक्षिणेची खिडकी’ सांगतात, आणि यमाची दिशा म्हणून दक्षिणेला नाक मुरडणारे डोळे मिटूनच ती नाकारतात. दोघांनीही जरा आकाशाकडे बघावे. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. ऊन तिरपे होऊन थेट कट्ट्यावर उतरते आणि पीक खूश असते. पण मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे ज्या महिन्यांत लंडनची दक्षिण खिडकी उजळते, त्याच महिन्यांत आपल्या दक्षिण खिडकीला दुपारचे ऊन शिवतही नाही. सबब, हिवाळ्यात दक्षिण, उन्हाळ्यात पूर्वेचे सकाळचे ऊन, आणि पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत फक्त पापड वाळवावेत. समोर बावीस मजली टॉवर असेल तर वरचा सगळा हिशेब रद्द. पात फिकट, लांबुडकी होऊन आडवी पडू लागली की उजेड कमी पडतोय असे ओळखावे आणि वीतभर उंचीवर एलईडी दिवा बारा-चौदा तास लावावा. वीजबिलाचा जमाखर्च मांडू नये.

पाणी हा प्रेमाचा प्रश्न नाही. घरातला प्रत्येक जण येता-जाता ‘बिचारं सुकलंय’ म्हणत पेलाभर पाणी ओततो आणि महिनाभरात मुळे कुजतात. बोट पेरभर मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी. तळाला बशी हवीच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणाला आपोआप तुषार सिंचन होते आणि पुढची चर्चा सोसायटीच्या सभेत. माती सतत ओली राहिली की बारीक काळी चिलटे घरभर होतात. त्यांच्यासाठी पिवळा चिकट सापळा. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे, लासलगावच्या पट्ट्यातल्या कांदा उत्पादकाला पाठ असलेला शत्रू. एवढ्या क्षेत्राला पंप लागत नाही, निंबोळी अर्काची फवारणी नाहीतर नळाखाली आंघोळ पुरते. घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या आवाक्याबाहेर हवी. कांद्याच्या सगळ्या गोतावळ्याने मांजराच्या आणि कुत्र्याच्याही रक्तातल्या लाल पेशी फुटतात. यात विनोद नाही.

पेरणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी पात वीतभर झाली की कापणी. मजूर: एक. अवजार: कात्री, पण दुधाची पिशवी कापायची नव्हे. शेंडे छाटू नयेत, ते तपकिरी पडतात. काठाकडची पात मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर अख्खी कापावी आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. कापलेल्या टोकाला नळीचे भोक दिसते आणि कडेला रसाचा थेंब जमतो. वास कांद्याचा, पण डोळ्यांत पाणी न आणणारा. एकूण उत्पादन चमचाभर. लासलगावला नेण्याजोगी आवक नाही.

काढणीपश्चात सगळ्यांत मोठे नुकसान स्वयंपाकघरात होते. सासूबाई अतिशय सद्भावनेने ती चमचाभर पात मोहरी-हिंगाबरोबर फोडणीत टाकतात आणि तीन महिन्यांची शेती दहा सेकंदांत बिनवासाची होते. त्यांना विनयाने सांगावे, “आई, ही वरून घालायची.” घट्ट दह्यात, उकडलेल्या बटाट्यावर, भरीत ताटात वाढून झाल्यावर. उरलेली वाळवू नये, वास उडतो. बारीक चिरून फ्रीझरमध्ये ठेवावी. डबीवर नाव लिहिलेले बरे, नाहीतर ती कोथिंबीर म्हणून आमटीत जाते.

थंड मुलखात हे झाड हिवाळाभर झोपते आणि वसंतात जांभळी फुले घेऊन उठते. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे फुलांची आशा धरू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाढ मंदावली तर कात्री बंद ठेवावी. एवढे करूनही बेट तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले तर दाटी होते आणि रीतसर वाटणीची वेळ येते. कुंडी उलटी करून मुळांचा गड्डा बाहेर काढावा, बारीक कांद्यांचे आठ-दहाचे झुबके हाताने सोडवावेत आणि पोटहिस्से पाडून नव्या मातीत लावावेत. पात तीन सेंटिमीटरवर कापून आठवडाभर सावलीत ठेवावे. एक हिस्सा खालच्या काकूंना द्यावा, बशीसकट.