मूकपटाचे संगीत

पौडच्या आमच्या पुतण्याने हौसेच्या व्हिडिओत दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली काही दृश्ये घातली. चित्रपट 1913 चा. कायद्याने प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी मालकी संपते, म्हणून गडी निर्धास्त. व्हिडिओ संकेतस्थळावर चढवला आणि तासाभरात एका कंपनीचा दावा आला : यातले संगीत आमचे.

चित्रपट मूक आहे. काय तयारीचे कान!

आम्ही या जागरूकतेचे स्वागत करतो. मुदत सरली म्हणून वस्तू बेवारस पडू देणे बरे नव्हे. पौडच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी खेटे घालावे लागतात; इथे पहिला हात वर करील तो वारस, आणि फेरफाराला संकेतस्थळाचे यंत्र हजर. आता पत्र्यावर वाजणाऱ्या मुळशीच्या पावसाचीही नोंद होऊन जावी. (पाखरांच्या किलबिलाटावर असा दावा 2012 सालीच झालाय, आपण मागेच आहोत.)

पुतण्याने हरकत घेतली. ती तपासायला गेली दावेदार कंपनीकडेच. तिने निःपक्षपातीपणे स्वतःच्या बाजूने निकाल दिला.

शेवटी व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसेही तिलाच गेले. विश्वामित्राने राज्य घेऊन वर दक्षिणा मागितली होती. कंपनीने अजून मागितलेली नाही.