पन्नास केबीचे काका

आमच्या घराण्यात मी तंत्रज्ञ समजला जातो. भाच्याचा बँकेच्या परीक्षेचा अर्ज एकदा फोटोपाशी अडला होता, तो मी सोडवला. लौकिकाचं भांडवल तेवढंच. अर्जाला फोटो हवा होता 200 बाय 230 पिक्सेलचा, वजन 20 ते 50 केबी. भाच्याकडचा होता पाच एमबीचा. मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, '50 केबीच्या आत' अशी मर्यादा घातली आणि फोटो बसवला. पुढे भाचा नापास झाला. पण फोटो पास झालेला असल्यामुळे ठपका माझ्यावर आला नाही.

त्या पुण्याईवर मोठ्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनात 'पडद्यावर फोटो फिरवायचं तेवढं' काम माझ्याकडे आलं.

हॉलवाल्यानं सांगितलं, प्रोजेक्टर 1920 बाय 1080 आहे. मी लगेच गुणाकार केला: सुमारे 20 लाख ठिपके. मोबाइलचा फोटो 4032 बाय 3024, म्हणजे 1 कोटी 22 लाख. सहातले पाच ठिपके पडद्यावर येणारच नाहीत, तर ते हॉलपर्यंत न्यायचे कशाला? हा हिशेब बरोबर होता. त्या कामात माझं तेवढंच बरोबर होतं.

अमेरिकेतल्या चुलतभावानं आयफोनवरचे फोटो पाठवले. 2017पासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण प्रत्येक यंत्राला तो वाचता येतोच असं नाही. मी प्रत्येक फाइलच्या नावाचं शेपूट खोडून तिथं 'जेपीजी' लिहिलं. बारसं नव्यानं केल्यानं गोत्र बदलत नाही. सॉफ्टवेअर म्हणालं, फाइल खराब आहे. मी चुलतभावाला कळवलं, "तुझे फोटो खराब निघाले, परत पाठव." त्यानं बिचाऱ्यानं तेच परत पाठवले. शेवटी नापास भाच्यानं ते रीतसर जेपीजीत बदलून दिले, आणि मी त्याला 'शाबास' म्हणालो.

मग मी प्रत्येक फोटोला 300 डीपीआय बहाल केला. इंचात किती ठिपके छापायचे, हे तो आकडा छापखान्याला सांगतो. प्रोजेक्टर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझी एक संध्याकाळ मात्र सत्कारणी लागली.

राहिला आकार. मोबाइलचा फोटो चारास तीन, पडदा सोळास नऊ. साहजिकच दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायला लागले. मंगल कार्यात काळं कशाला, म्हणून मी 'प्रमाण राखा' या चौकोनातली खूण काढून टाकली. पट्टे गेले. 'मूळ फाइलींवरच लिहू का?' असं सॉफ्टवेअरनं विचारलं. दोन-दोन प्रती म्हणजे पसारा, म्हणून मी 'हो' म्हटलं. दीड जीबीचं फोल्डर वीस एमबीत मावलं. मला वाटलं, ही माझी करामत.

कार्यक्रमाला पडदा उजळला. आडवं ताणल्यामुळे प्रत्येक नातलग एक तृतीयांशानं रुंद झाला होता. जन्मभर किडकिडीत राहिलेले मधले काका खूश झाले. वर्षभर पहाटे पर्वती चढून वजन उतरवलेल्या आत्यानं ताट बाजूला सारलं.

पुढचा फोटो हार घातलेल्या काकांचा. मोबाइल पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि 'दाखवताना उभा करा' अशी चिठ्ठी आत ठेवतो. माझ्या सॉफ्टवेअरनं चिठ्ठी फेकून दिली होती. गळ्यात हार, डोळे मिटलेले आणि काका आडवे! हॉलमध्ये शांतता पसरली. काकू ओरडल्या, "अरे, यांना आधी उभं कर!"

मी उभं करायला गेलो आणि प्रतिमा मोठी झाली. भाच्याच्या वेळची 50 केबीची मर्यादा अजून तशीच होती. त्याच्या फोटोत ठिपके होते 46 हजार. इथं 20 लाख, आणि वजन तेवढंच. 1992 साली प्रमाणित झालेली जेपीजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि जागा कमी पडली की त्यांतले बारकावे आधी टाकते. पैठणीचे मोर गेले होते. सुरकुत्या गेल्या होत्या. मागच्या रांगेत नाकंही गेली होती. एका धूसर पोराला "तो मीच" म्हणणारे तिघे निघाले, आणि पुरावा कुणाकडेच नव्हता.

जेवणानंतर मंडळाचे अध्यक्ष मला शोधत आले. "काका फोटोत कसले तरुण दिसतात हो! एक सुरकुती नाही. याचाच फ्लेक्स लावू चौकात, वीस बाय दहा फुटांचा. फाइल आहे ना?"

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणालो, "आहे की. 300 डीपीआय आहे."