तात्यापाऱ्यात कॅट-८
रायपूरच्या तात्यापाऱ्यात दोन खोल्यांचं घर, १०० एमबीपीएसचं कनेक्शन आणि राउटरला ४० गिगाबिटची कॅट-८ केबल! साधी कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट निमूट वाहते, म्हणजे कनेक्शनच्या दहापट. राउटरचं पोर्टही बहुधा तेवढंच. उरलेले ३९ गिगाबिट तारेत बसून पेन्शन खातात. घरातल्या घरात फायली हलवायच्या असतात, असं कुणी म्हणेल. हलवा की, पण दोन्ही टोकांना १० गिगाबिटची पोर्टं हवीत, आणि असली तरी कॅट-६ त्या वेगाला ५५ मीटर पुरते. एवढा ऐसपैस वाडा कुणाचा? उन्हाळ्यात तापलेल्या तारेत सिग्नल क्षीण होतो, हे खरं. दहा मीटरांत मात्र ते जाणवतही नाही. चौकशी करायचीच तर तारेच्या पोटाची करावी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही कॅट-६ छापून विकलं जातं. पण ते कोण विचारतो, वेष्टनावर आकडा मोठा असला म्हणजे झालं!